तळ्यातल्या गवताची मात्रा

शाळेच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. चंचुपात्रात पाणी, पाण्यात हिरव्या बारीक पानांच्या फांद्या, त्यांवर उलटे नरसाळे आणि नरसाळ्यावर पालथी घातलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवले की फांद्यांतून बुडबुडे निघू लागायचे आणि सर सांगायचे, हा ऑक्सिजन. त्या वनस्पतीचे नाव हायड्रिला. आपल्या तळ्यांत, कालव्यांत, संथ ओढ्यांत ती पूर्वीपासून आहे. कोणी तिच्याकडे वळूनही बघत नाही.

हीच हायड्रिला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गेली सहा दशके भांडणाचा विषय आहे. तिच्यावर सरकारचे कोट्यवधी डॉलर खर्च झाले आहेत, तिच्यासाठी लाखो मासे पाण्यात सोडले गेले आहेत आणि तिच्या बाजूने व विरोधात सभा भरतात. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांत सर्वात मोठा आवाज असतो तो बास मासा गळाने पकडण्याच्या स्पर्धा खेळणाऱ्यांचा. एका परक्या तणाची बाजू मासे पकडणाऱ्यांनी का घ्यावी, आणि ती घेण्यात ते कितपत बरोबर आहेत, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. जलपर्णीशी झगडणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो समजून घ्यावा असा आहे.

हायड्रिला तिकडे गेली ती मत्स्यालयांच्या धंद्यातून. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेच्या टाकीत शोभेसाठी लावायला म्हणून ती श्रीलंकेतून मागवली गेली. विक्रीचे नाव होते ‘इंडियन स्टार-वाइन’. फ्लोरिडातील टाम्पाजवळच्या कालव्यात ती पोहोचली आणि १९६० च्या सुमारास तिथल्या नैसर्गिक पाण्यात दिसू लागली. उलट दिशेनेही असाच प्रवास झाला आहे. आपल्या नद्यांचा गळा आवळणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या मोहाने ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात शिरली. आपल्याकडची साधी वनस्पती त्यांच्याकडे तण झाली, त्यांच्याकडची आपल्याकडे. मूळ प्रदेशात वनस्पतीला खाणारे किडे, रोग आणि जागेसाठी भांडणारे शेजारी असतात. परक्या पाण्यात यांपैकी कोणीच नसते.

आता बासविषयी. रायगडच्या जिताड्याला इंग्रजीत एशियन सी-बास म्हणतात, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. इथे ज्याची गोष्ट आहे तो लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला, नावाप्रमाणे मोठ्या जबड्याचा शिकारी मासा. अमेरिकेत तो खाण्यापेक्षा खेळण्यासाठी अधिक पकडला जातो. रे स्कॉट या विमा विक्रेत्याने १९६७ मध्ये आर्कान्सासमधील बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बास पकडणाऱ्यांची संघटना काढली. १९७१ पासून ‘बासमास्टर क्लासिक’ ही त्यांची सर्वात मानाची स्पर्धा होते. तिच्या विजेत्याला अलीकडे तीन लाख डॉलर मिळतात.

स्पर्धेची रीत साधी आहे. पहाटे वेगवान बोटी सुटतात, दिवसभर गळ टाकले जातात आणि सर्वात वजनदार पाच मासे हिशेबात धरले जातात. मासे बोटीतल्या हवा खेळवलेल्या टाकीत जिवंत ठेवायचे, संध्याकाळी लोकांसमोर वजनकाट्यावर चढवायचे आणि नंतर पाण्यात सोडून द्यायचे. जिवंत सोडण्याची ही प्रथा १९७० च्या दशकात रुजली. या खेळामागे मोठे अर्थकारण आहे. तळ्याकाठच्या लहान गावात वर्षभर शनिवार-रविवारी स्पर्धा होतात. लॉज भरतात, पेट्रोल खपते, गळ-आमिषाची दुकाने चालतात. वाटाडे म्हणून काम करणाऱ्यांची घरे त्यावर चालतात. तळे मासे पकडण्यासाठी चांगले की वाईट, ही त्या गावात पोटापाण्याची गोष्ट असते.

आणि तळे चांगले की वाईट हे मोठ्या प्रमाणात पाण्याखालच्या गवतावर ठरते. आपला मरळ जसा शेवाळ-गवताच्या आडोशाने दबा धरून बसतो आणि बेडूक जवळ आला की झेपावतो, तसाच बास. पाठलाग करून दमवण्यापेक्षा आडोशातून एकाच झडपेत घास घेणे त्याला जमते. गवतात त्याची पिल्ले लपतात, त्याचे खाद्य असलेले ब्लूगिलसारखे मासे राहतात, त्या माशांचे खाद्य असलेले किडे आणि गोगलगायी पानांना चिकटून असतात. स्पर्धक गवताच्या कडा, त्यातल्या फटी, त्यातली मोकळी जागा शोधतात. पाण्यावर गवताची जाड साय धरली असेल तर तिच्यावरून रबरी बेडूक ओढतात किंवा जड शिसे लावून आमिष सायीतून खाली घुसवतात.

पण गवत जितके जास्त तितके बास जास्त, असे मात्र नाही. टेक्सासमधील जलाशयांचा एक अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याच्या सुमारे २० टक्के भागापर्यंत बुडलेल्या वनस्पती वाढत गेल्या तसे बासही वाढलेले त्यात दिसले. त्यापुढे चित्र बदलते. प्रयोगशाळेतील टाक्यांत गवताची दाटी वाढवत नेली तेव्हा बासला शिकार मिळणे कठीण होत गेले, कारण लहान माशांना लपायला जागाच जागा झाली. फार दाट गवताच्या तळ्यात लहान मासे भरपूर, पण त्यांना खाऊन मोठा होणारा बास कमी, अशी स्थिती येते. रात्री सगळी वनस्पती श्वसन करते. प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते, त्यामुळे दाट गवतात पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन खाली जातो. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ साधारणपणे २० ते ४० टक्के आच्छादन बाससाठी बरे मानतात. शून्यही नको आणि शंभरही नको. औषधाला जशी मात्रा असते तशी तळ्यातल्या गवतालाही असते, आणि या सगळ्या वादाचे मूळ ती मात्रा कोणी व कशी राखायची यात आहे.

अलाबामातील गंटर्सव्हिल जलाशयाची कहाणी आरोग्यापासून सुरू होते. टेनेसी खोऱ्यात १९३० च्या दशकात हिवतापाने थैमान घातले होते. काही भागांत सुमारे ३० टक्के लोकांना तो झालेला असे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी महामंडळाने धरणे बांधली तेव्हा डासांचा बंदोबस्त हे त्यांच्या कामातच होते. जलाशयाची पातळी ठरावीक दिवसांनी खालीवर करायची, म्हणजे काठच्या गवतातल्या डासांच्या अळ्या कोरड्यावर पडतात किंवा माशांच्या तोंडी लागतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथला हिवताप जवळपास संपला. गंटर्सव्हिलचे धरण १९३९ मध्ये पूर्ण झाले. जलाशयाचा विस्तार सुमारे ६९ हजार एकर.

पुढे या जलाशयांत युरेशियन मिलफॉइल हे दुसरे परके पाणगवत आले. पाण्यावर पसरणाऱ्या त्याच्या थरांत डासांना पुन्हा आसरा मिळू लागला, म्हणून १९६० च्या दशकात महामंडळाने ‘२,४-डी’ हे तणनाशक मोठ्या प्रमाणावर वापरले. १९८२ मध्ये हायड्रिला सापडली. १९८८ पर्यंत, दुष्काळी वर्षांतल्या स्वच्छ व संथ पाण्यात, गवताने सुमारे २० हजार एकर व्यापले. काठावर घरे असलेल्यांना धक्क्यावरून बोट काढता येईना. पोहणे बंद झाले. त्याच वेळी देशभरातले बास पकडणारे मात्र गंटर्सव्हिलकडे लोटत होते. एकच गवत एकाच्या अंगणातले तण आणि दुसऱ्याच्या भाकरीचे साधन होते.

१९९० मध्ये तिथे एक लाख गवत्या मासे सोडण्यात आले. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, आपल्या मत्स्यशेतकऱ्यांच्या ओळखीचा. कटला, रोहू, मृगळाबरोबर तळ्यात सोडायचा तो. गंटर्सव्हिलला सोडलेले मासे वांझ होते. अंड्यांना ठरावीक वेळी दाबाचा धक्का देऊन त्यांत गुणसूत्रांचा एक जादा संच ठेवला जातो. अशा माशांची वीण वाढत नाही. गवत्याबरोबर तणनाशके आणि पुढे आलेले पूर यांनी गवत कमी झाले, पण संपले नाही. आजही गंटर्सव्हिल गवताचे तळे म्हणूनच प्रसिद्ध आहे. बासमास्टर क्लासिक तिथे १९७६, २०१४ आणि २०२० साली झाली. घरमालकांच्या धक्क्यांपुढची आणि बोटींच्या वाटेवरची जागा मोकळी करायची आणि बाकीचे गवत राहू द्यायचे, अशी तडजोड तिथे वर्षानुवर्षे चालू आहे. ती कोणालाच पूर्ण पसंत नाही. मला ती त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते.

तडजोड न केल्यास काय होते ते टेक्सासच्या लेक कॉनरोने दाखवले. ह्यूस्टनच्या उत्तरेला सुमारे २० हजार एकरांचे हे जलाशय १९७३ मध्ये भरले. दोनच वर्षांत हायड्रिला दिसली आणि १९८० च्या सुमारास जवळपास निम्मा जलाशय वनस्पतींनी भरला. काठावर महागड्या वसाहती उभ्या राहत होत्या. दबाव वाढला. १९८१-८२ मध्ये दोन लाख सत्तर हजार गवत्या मासे सोडले गेले, आणि ते वांझ नव्हते. १९८३ च्या अखेरीपर्यंत तळ्यात बुडलेली वनस्पती जवळजवळ उरलीच नाही. हायड्रिला गेली, तिच्यासोबत इतर पाणवनस्पतीही गेल्या.

टेक्सासच्या विद्यापीठीय संशोधकांनी या तळ्याचा गवत असताना आणि गेल्यावर अशा दोन्ही वेळी अभ्यास केला. त्यातले निष्कर्ष एका बाजूला झुकणारे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गवत गेल्यावर लहान बासांना शिकार दिसू लागली, ते आधीच्या मानाने बरेच लहान असतानाच मासे खाऊ लागले आणि पहिल्या वर्षात वेगाने वाढले. म्हणजे अति दाट गवत बासला अडचणीचेच होते. पण गवतात राहणारे ब्लूगिलसारखे मासे झपाट्याने घटले आणि उघड्या पाण्यात थव्याने फिरणारे शॅडसारखे मासे वाढले. गवताने धरून ठेवलेली पोषकद्रव्ये पाण्यात मोकळी झाली. सूक्ष्म शैवाल वाढले आणि पाण्याची पारदर्शकता घटली. एका प्रकारची हिरवळ काढली आणि दुसऱ्या प्रकारची आली. फरक इतकाच, की ही दुसरी बोटीच्या पंख्यात अडकत नाही म्हणून तिची तक्रार कमी होते.

गवत्याच्या बाबतीत चूक का होते ते समजणे अवघड नाही. किती मासे सोडायचे हे सुरुवातीच्या गवतावरून ठरवतात. मासे वाढत जातात, त्यांची भूक वाढते आणि गवत कमी होत जाते. दर एकर गवतामागे माशांचे प्रमाण आपोआप चढत राहते. मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याला कोवळी हायड्रिला सर्वात आवडते, मिलफॉइल फारसे आवडत नाही, आणि आवडते ते संपले की समोर असेल ते तो खातो. तणनाशक पुढच्या वर्षी मारायचे नाही असे ठरवता येते, सोडलेले एक लाख मासे परत गोळा करता येत नाहीत. डॉक्टर रुग्णाला असे औषध देत नाहीत, ज्याची मात्रा दिल्यानंतर आपोआप वाढत जाते आणि जे थांबवता येत नाही. तळ्याला मात्र ते सहज दिले जाते. लेक कॉनरोत हायड्रिला पुढे पुन्हा आली. २००६ पासून तिथे गवत्या मासे सोडले गेले ते टप्प्याटप्प्याने, गवत मोजत मोजत, आणि मासे पकडणाऱ्यांच्या गटांनी स्थानिक पाणवनस्पती लावायला हात दिला. धडा शिकला गेला, पण एक तळे पणाला लावून.

इथपर्यंत वाचून वाटेल की बास पकडणारेच बरोबर. त्यांच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे. वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीत सांडपाणी आणि गाळामुळे कित्येक दशके पाण्याखाली वनस्पती जवळपास नव्हत्याच. १९७० च्या दशकात शहराचे सांडपाणी अधिक चांगल्या रीतीने शुद्ध होऊ लागले आणि १९८२ मध्ये हायड्रिला सापडली. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण पुढच्या काही वर्षांत गवताने गाळ बसवला, पाणी निवळले, स्थानिक वनस्पतीही परतल्या, बदके आली आणि पोटोमॅक बास स्पर्धांची नावाजलेली नदी झाली. परकी वनस्पती प्रत्येक ठिकाणी शत्रूच असते, असे सरसकट म्हणता येत नाही.

पण याच वादाला दुसरी, काळी बाजू आहे आणि ती स्पर्धकांच्या वजनकाट्यावर दिसत नाही. १९९४-९५ च्या हिवाळ्यात आर्कान्सासच्या डीग्रे जलाशयावर अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, पांढऱ्या डोक्याचा गरुड, एकामागून एक मरू लागला. पक्षी झोकांड्या खात, उडताना खडकांवर आदळत. मेंदूच्या पेशींच्या आवरणात पोकळ्या झालेल्या आढळल्या. पुढे अनेक राज्यांत मिळून शंभराहून अधिक गरुड असे मेले. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनाच्या सीमेवरील थर्मंड जलाशय, ज्याला लोक क्लार्क्स हिल म्हणतात, हे त्यातले एक मुख्य ठिकाण. तेही बास स्पर्धांचे आवडते तळे.

कारण सापडायला जवळपास पंचवीस वर्षे लागली. हायड्रिलाच्या पानांखाली एक नीलहरित जिवाणू वाढतो. त्याला दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘हायड्रिलावर राहणारा, गरुड मारणारा’ असा आहे. तो बनवत असलेले विष जर्मन आणि अमेरिकी संशोधकांनी शोधून २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या चांदव्याचा अमेरिकी भाऊबंद हायड्रिला खातो, त्याच्या अंगात विष जाते, तो लुळा पडतो आणि गरुडाला सोपी शिकार मिळते. हे विष तयार व्हायला ब्रोमाइड लागते. ते पाण्यात नैसर्गिकरीत्या असू शकते, कोळशावरच्या वीजकेंद्रांतून येऊ शकते, आणि हायड्रिला मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही तणनाशकांतही असते. संशोधकांनी या शेवटच्या शक्यतेकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. तण मारायला ओतलेले रसायन तणावरच्या विषाला खतपाणी घालत असेल, तर उपाय आणि आजार यांत अंतर ते किती राहिले? माणसाला या विषाने अपाय झाल्याची नोंद नाही. पण ज्या तळ्यातले मासे लोक खातात आणि ज्याचे पाणी पितात तिथे ‘बासला चालते ना, मग राहू द्या’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. क्लार्क्स हिलमध्ये वांझ गवत्या मासे सोडले जाऊ लागले तेव्हा त्यामागे धक्क्यांची नाही, गरुडांची काळजी होती. बास पकडणाऱ्यांना तिथे लेक कॉनरो आठवणे स्वाभाविक आहे, पण या जागी त्यांनी थोडे मागे सरायला हवे, असे मला वाटते.

तणनाशकांचा प्रश्न वेगळा आणि तितकाच अवघड. फ्लोरिडात फवारणीच्या विरोधात मासे पकडणारे आणि नागरिक इतके उठले की जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने फवारणी काही आठवडे थांबवली, जागोजागी सभा घेतल्या आणि काही बदल करून मार्चमध्ये ती पुन्हा सुरू केली. लोकांचा राग समजण्यासारखा होता. फवारणीनंतर गवत तपकिरी होऊन तळाशी कुजते. कुजताना ऑक्सिजन खाल्ला जातो. उन्हाळ्यात एकदम मोठ्या क्षेत्रावर फवारले तर मासे गुदमरून मरू शकतात. कुजलेल्या गवतातले नत्र आणि फॉस्फरस पाण्यात परततात व शैवाल फोफावते. शिवाय फ्लुरिडोन हे तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यावर फ्लोरिडातल्या तळ्यांत त्याला दाद न देणारी हायड्रिला सापडली. प्रतिजैविकांच्या अतिवापराने जे दवाखान्यांत झाले तेच तळ्यांत झाले.

तरीही ‘फवारणी बंद’ ही मागणी मला पटत नाही. हायड्रिला अनुकूल हंगामात दिवसाला इंचभर वाढू शकते. तिचे बारीक कंद तळाच्या चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहतात. तिला दोन-चार महिने मोकळे सोडले तर नंतर कितीतरी मोठ्या क्षेत्रावर, कितीतरी जास्त रसायन ओतावे लागते. थोडे, लवकर आणि ठरावीक जागी, हाच कमी विषाचा मार्ग आहे.

आणि सगळ्याच पाणवनस्पतींना एका मापाने मोजूनही चालणार नाही. पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिलाची योग्य मात्रा असू शकते. पाण्यावर तरंगणाऱ्या जायंट साल्व्हिनियाची नाही. हे मूळचे ब्राझीलचे नेचे आठवडाभरात दुप्पट होऊ शकते. टेक्सास-लुइझियाना सीमेवरच्या कॅडो लेकवर ते २००६ मध्ये पोहोचले. त्याच्या जाड गादीखाली प्रकाश जात नाही, खालची वनस्पती मरते, ऑक्सिजन संपतो. तिथे बासही राहत नाही आणि बोटही चालत नाही. या बाबतीत स्पर्धक, घरमालक आणि शास्त्रज्ञ एका सुरात बोलतात. त्यावर सर्वात चांगले औषध ठरलेला ब्राझीलचाच एक बारीक भुंगा आपल्याकडे १९८३ मध्ये आणला गेला आणि केरळातले ‘आफ्रिकन पायल’ने भरलेले कालवे त्याने काही वर्षांत मोकळे केले. कॅडोच्या काठी तोच भुंगा वाढवून सोडतात, पण तिथल्या कडक थंडीत तो मरतो आणि पुन्हा सोडावा लागतो.

स्पर्धकांनी स्वतःकडेही पाहायला हवे. ज्या गवताचे ते गुणगान करतात ते एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते ते बहुतेकदा बोटींच्या गाड्यांना लटकून. हायड्रिलाच्या पेरे असलेल्या एका तुकड्यातून नवे रोप उगवते. आज अलाबामात, पुढच्या आठवड्यात टेनेसीत असा फिरता खेळ खेळणारा माणूस हा तुकडा वाहून नेण्यास सर्वात सोयीचा. ‘स्वच्छ करा, पाणी काढा, वाळवा’ ही मोहीम अमेरिकेत वर्षानुवर्षे चालू आहे. स्पर्धेच्या नियमांत जितकी काटेकोर शिस्त माशाच्या वजनाला आहे तितकीच बोट धुण्याला असावी, ही मागणी अवाजवी नाही.

मग मात्रा ठरवायची कोणी? माझे उत्तर असे. प्रत्येक तळ्यासाठी किती टक्के गवत, कोणते आणि कुठे हवे, हे आकड्यांत लिहून आधी ठरवावे. त्यात धक्के मोकळे, पाणी घेण्याची जागा मोकळी, माशांच्या विणीच्या जागी गवत राखलेले, असे नकाशावर असावे. दरवर्षी मोजणी व्हावी आणि उपाय त्या मोजणीवरून ठरावा, वर्तमानपत्रातल्या ओरडीवरून नव्हे. जो उपाय मागे घेता येत नाही तो सर्वात शेवटी आणि सर्वात थोडा वापरावा. आणि सभेत बास पकडणाऱ्यांना खुर्ची असावी, पण ती अध्यक्षाची नसावी. ते पाण्यावर रोज असतात, बदल त्यांना आधी दिसतो, स्पर्धांतल्या वजनांच्या नोंदी शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात. पण बास हे तळ्याचे एकमेव प्रयोजन नाही.

यात आपल्यासाठी काय आहे? आपल्याकडे बास स्पर्धा नाहीत, पण जलपर्णी आहे. तिच्या मुळांशी डासांच्या अळ्या वाढतात. केरळात हत्तीरोग पसरवणारा मॅन्सोनिया डास अशा तरंगत्या वनस्पतींच्या मुळांतूनच श्वास घेतो. म्हणून ती काढायलाच हवी, यात वाद नाही. पण आपल्या शहरांत ती काढण्याचे काम म्हणजे दर उन्हाळ्यात यंत्र लावायचे, ढीग काठावर टाकायचे आणि पावसाळ्याने बाकीची वाहून नेली की विसरायचे. तिला पोसणारे सांडपाणी तसेच वाहत राहते. पोटोमॅकमध्ये पाणी निवळण्याची सुरुवात सांडपाण्याच्या शुद्धीकरणाने झाली, हे विसरता कामा नये. आणि तळे साफ करताना पाण्याखालची आपली स्थानिक गवते, जी मरळाला, शिंगट्याला, झिंग्याला आसरा देतात, तीही सरसकट उपसली जातात. त्या तळ्यावर जाळे टाकणाऱ्या भोई कुटुंबाला, कुठले गवत ठेवा आणि कुठले काढा, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या मासे पकडणाऱ्यांनी निदान विचारायला भाग पाडले, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

प्रयोगशाळेतल्या त्या चंचुपात्रात सरांनी हायड्रिलाच्या मोजून चार-पाच फांद्या घातलेल्या असत. एकही नसती तर बुडबुडे दिसले नसते. पात्र कोंबून भरले असते तर खालच्या फांद्यांना ऊन मिळाले नसते. तळ्याचा हिशेब त्याहून फार वेगळा नाही.